संताच्या दिवशी नेवेना खाली बसली

नेवेना त्रिफुनोविच चौदा वर्षं बस चालवते आहे. वर लिपोव्होपासून खाली तालुक्याच्या गावापर्यंत एकतीस किलोमीटर, दिवसातून चार फेऱ्या. डेपोतली ती पहिली बाई ड्रायव्हर. सुरुवातीच्या महिन्यांत काही म्हातारे बसच्या पायरीवर एक पाय टाकायचे, स्टिअरिंगमागे तिला बघायचे आणि पाय मागे घ्यायचे. पुढच्या गाडीने जातो म्हणायचे. पुढची गाडी साडेतीन तासांनी असायची आणि तीही नेवेनाच चालवायची. थंडीत उभं राहून राहून त्यांचं मत बदललं.

ती फार बोलत नाही. राग आला की आणखी कमी बोलते. डेपोतले लोक सांगतात, नेवेना आरडाओरडा करत असेल तर काळजीचं कारण नाही. ती शब्द मोजून बोलायला लागली की बाजूला व्हावं.

गेल्या डिसेंबरात ती एकोणचाळीस वर्षांची होती आणि तिला तेहेतिसावा आठवडा चालू होता. तिला जिवंत मूल घरी आणायचं होतं आणि स्वतः जिवंत परतायचं होतं. याहून मोठी काही मागणी नव्हती.

त्याआधी सात वर्षांपूर्वीही ती गरोदर होती. मार्च महिना, पंचविसावा आठवडा. तीन दिवस डोकं दुखत होतं. पाय इतके सुजले होते की क्लच दाबताना बुटाची शिवण उसवली. सासूने, मिलुंकाने, तिला उजेडात उभं करून डोळ्यांत पाहिलं आणि निदान केलं: गार झोत लागलाय. ड्रायव्हरच्या खिडकीचा.

समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या राहिल्या आणि मधे कोणी बसलं, तर त्या माणसाचं काय काय होतं याची यादी लिपोव्होत सगळ्यांना पाठ आहे. मान धरते, दात ठणकतो, लघवीची आग होते, मूल राहत नाही. या यादीबद्दल कोणी शंका घेत नाही, डॉक्टरसुद्धा नाही. मिलुंकाने बटाट्याच्या चकत्या कापल्या, त्यांवर राकिया, म्हणजे घरची फळांची दारू, शिंपडली आणि रुमालात घालून सुनेच्या कपाळाला बांधल्या. नेवेना रुमाल बांधून पडून राहिली. तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात तिला चौथ्या दिवशी नेलं. तोवर मुलाची हालचाल थांबली होती.

तिथल्या डॉक्टरने पाठीवर थोपटलं. "होतं असं. तरुण आहेस."

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर लॅटिनमध्ये एक शब्द होता. तो कोणी तिला वाचून दाखवला नाही, आणि तिनेही विचारला नाही. आपली चूक तिला माहीत होती. खिडकी. त्यानंतर सात वर्षं तिने खिडकी लावून बस चालवली. जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा. आत पंचेचाळीस अंश तापायचं, प्रवासी शिव्या द्यायचे, ती घामाने भिजायची आणि काच खाली करायची नाही.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ती तालुक्याला गेली नाही, थेट जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली. तिथल्या डॉ. सावेता निवृत्तीला टेकलेल्या बाई, बोलण्यात खरखरीत. त्यांनी तो जुना कागद मागितला, वाचला आणि चष्मा काढला.

"हे तुम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही?"

"झोत लागला होता. खिडकीचा."

"खिडकी उघडी होती की बंद होती, याच्याशी काही संबंध नाही. वार रुजते तेव्हा तिच्याकडे रक्त नेणाऱ्या नसा रुंद व्हायला लागतात. तुमच्या झाल्या नाहीत. मग मुलाला रक्त कमी पडतं, आणि त्या उपाशी वारेतून तुमच्या रक्तात असं काही सुटतं की दाब चढतो. मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सगळ्यांवर ताण येतो. याला प्रिएक्लॅम्प्सिया म्हणतात. एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि तुमचं वयही आता वाढलंय."

"मग मी काय चुकीचं केलं होतं?"

"काहीच नाही."

डॉक्टरांना वाटलं असेल, हे ऐकून बाईला बरं वाटेल. नेवेनाच्या हाताच्या मुठी वळल्या. सात वर्षं! एका कागदावर लिहिलेलं होतं, तो तिच्याच कपाटात पडून होता, आणि ज्या माणसाने तो लिहिला त्याला दोन मिनिटं वाचून सांगावंसं वाटलं नाही. तिने पाठीवर थोपटणारा तो हात आठवला. त्या दिवशी परतताना तिने ड्यूटीवर नसतानाही, सुट्टीत तिची फेरी चालवणाऱ्या ग्वोझ्देनच्या बसमधली पुढची खिडकी उघडली आणि एकतीस किलोमीटर उघडी ठेवली.

डॉ. सावेतांनी तिला यादी दिली आणि ती तिच्याकडून तोंडी म्हणून घेतली, शाळेत घेतात तशी. रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी. दाबाच्या गोळ्या वेळेवर. सकाळ-संध्याकाळ दाब मोजायचा. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून बस बंद. फार वेळ उभं राहायचं नाही. आणि वरचा आकडा एकशे साठ किंवा खालचा एकशे दहा झाला, किंवा न थांबणारी डोकेदुखी आली, डोळ्यांपुढे ठिणग्या आल्या, बरगडीखाली उजवीकडे दुखलं, तर यायचं.

"फोन करून?"

"फोन नंतर करा. आधी या."

नोव्हेंबरच्या शेवटी दाब वाढला म्हणून तिला एक आठवडा ठेवून घेतलं. मुलाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून दोन इंजेक्शनं दिली. आकडे खाली आले तेव्हा घरी सोडलं, पण अटीवर, की वर्षातला सगळ्यात आळशी माणूस बनून राहायचं.

घरी मिलुंका होती, आणि नऊ डिसेंबर जवळ आला होता.

नऊ डिसेंबर हा संत अलिंपियेचा दिवस, त्रिफुनोविचांच्या घरच्या संताचा दिवस. दर घराचा एक संत असतो, तो बापाकडून मुलाकडे येतो आणि त्याच्या दिवशी दार सगळ्यांना उघडं असतं. आमंत्रण नसतं, ज्याला यायचं तो येतो. सासरे एप्रिलमध्ये वारले होते. आता संत नवऱ्याकडे, वुकाशिनकडे आला होता. वुकाशिन स्लोव्हेनियातल्या एका कंपनीचा ट्रक चालवतो आणि महिन्यातून चार दिवस घरी असतो.

नेवेनाने गुरुवारी त्याला फोन केला. "यंदा नको करू या. बाबा जाऊन वर्ष झालं नाही, लोक समजून घेतील."

"आई म्हणते, बाबा गेले म्हणूनच करायचं. माझं पहिलं वर्ष, आणि पहिल्याच वर्षी दार बंद?"

"वुकाशिन, मला उभं राहायचं नाहीये."

"तू कशाला उभी राहशील? मी आहे ना. सकाळी सहाला दारात असेन."

रविवारी तिने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, आईला सगळं कळतं, तिने तीन बाळंतपणं काढलीत.

नऊ तारखेला सकाळी सहाला तो सीमेवर होता. त्याच्यापुढे अकरा किलोमीटर ट्रकांची रांग होती.

"म्हणजे? उभं राहायचं नाही म्हणून सांगितलंय मला," नेवेना म्हणाली.

"म्हणजे संध्याकाळ होईल. रात्रसुद्धा. तू जरा सांभाळ."

संताच्या दिवशी यजमान बसत नाही. पहिला पाहुणा आल्यापासून शेवटचा जाईपर्यंत तो उभा असतो, पेले भरतो, ताटं वाढतो. यजमान नसेल तर त्याची बायको. रादोसाव्ह मामा, मिलुंकाचा भाऊ, सकाळी सातला पहिला पाहुणा म्हणून हजर झाला होता, पण तो मामा. त्याचा संत वेगळा, त्याला या घरात यजमान होता येत नाही.

"आई, तुम्ही उभ्या राहा," नेवेना म्हणाली. "घर तुमचं आहे."

"मी विधवा. काळ्या रुमालात संताला सामोरी जाऊ? अगं, उभं तर राहायचंय, डोंगर नाही चढायचा. मी वुकाशिनच्या वेळी नवव्या महिन्यात गवत कापत होते."

"मला डॉक्टरांनी—"

"डॉक्टरांचा संत आहे का इथे? आपला संत घरी आलेला असतो आज. त्याच्यासमोर बसतात का?"

नेवेना पहाटे पाचपासून उभीच होती. सकाळचा दाब एकशे अठ्ठेचाळीस होता, खालचा शहाण्णव. तिने तो मिलुंकाला सांगितला. मिलुंका म्हणाली, ते यंत्र हाताला आवळतं म्हणूनच दाब वाढतो, तिला आवळलं तर तिचाही वाढेल.

उपवासाचे दिवस होते, म्हणून मासे, भाजलेल्या पांढऱ्या घेवड्याची भाजी, लोणच्याच्या मिरच्या, अक्रोड घातलेले शिजवलेले गहू. मधोमध संताची पोळी, जाड गोल पावासारखी, आणि उंच मेणबत्ती. पाद्री घरोघर फिरत फिरत तीनच्या सुमारास यायचा होता. तो येऊन यजमानासोबत पोळी फिरवतो आणि कापतो. अकरापर्यंत तेवीस माणसं झाली. माणसं उठत नव्हती, नवी येत होती. प्रत्येक पाहुणा तिच्या पोटाकडे बघून एक पेला उचलायचा. तिच्या मुलाच्या नावाने दुपारपर्यंत तीस-एक पेले रिकामे झाले.

बाराला कपाळ ठणकायला लागलं. एकला तिने मिलुंकाला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, डोकं दुखतंय. थांबत नाहीये."

"दुखेल नाही तर काय. सकाळपासून दार उघड, दार मीट. झोत लागलाय तुला." आणि तिने टोपलीतून बटाटा काढला.

नेवेना तो बटाटा बघत राहिली. मिलुंकाने चार चकत्या पाडल्या, रुमाल घेतला आणि मागून तिच्या डोक्याला बांधायला लागली. पाहुण्यांच्या खोलीतून कोणी तरी ओरडलं, "अरे, यजमानीणबाईंना झोत लागलाय, ती मागची खिडकी लावा!"

"लावलीय."

"मग संडासाची?"

"तिथे पेरा बसलाय."

"त्याला सांग, लावून बस!"

सगळे हसले. नेवेना रुमाल बांधून हातात माशांचं तबक घेऊन पुन्हा बाहेर आली. हे ती नंतर स्वतःला माफ करू शकलेली नाही, की ती तो रुमाल बांधून बाहेर आली आणि आणखी सव्वा तास उभी राहिली.

सव्वादोनला मेणबत्तीच्या ज्योतीभोवती ठिणग्या दिसल्या. मेणबत्ती आहे, दिसणारच, असं तिला वाटलं. मग ठिणग्या रादोसाव्ह मामाच्या कपाळावर दिसल्या. तिने तबक खाली ठेवलं, आतल्या खोलीत गेली, रुमाल सोडला आणि डाव्या कुशीवर पडून पट्टा हाताला बांधला. एकशे चौऱ्याहत्तर. खालचा एकशे सोळा. ती पंधरा मिनिटं डोळे मिटून पडली, शेजारच्या गोंगाटात आपलं नाव ऐकत. पुन्हा मोजला. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे अठरा. बरगडीखाली कोणी मूठ रोवल्यासारखं दुखायला लागलं होतं.

ती बाहेर आली, टेबलाच्या टोकाची, संताच्या तसबिरीखालची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली.

आधी जवळचे दोघे गप्प झाले, मग टेबलभर शांतता पसरली. पन्नास वर्षांत त्या घरात या दिवशी त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं.

"ऊठ," मिलुंका तिच्या कानाशी म्हणाली. "नेवेना, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत."

"संताच्या दिवशी—"

"मला दवाखान्यात जायचंय. आत्ता." हे तिने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं, आणि तिथेच बसून रुग्णवाहिकेला फोन लावला.

तालुक्याची रुग्णवाहिका डायलिसिसच्या पेशंटांना आणायला जिल्ह्याला गेली होती. दुसरी दुरुस्तीला होती. पलीकडची बाई म्हणाली, तासाभरात बघते, तोवर पेशंटला शांत ठेवा. "पेशंट मीच आहे," नेवेना म्हणाली आणि फोन ठेवला.

अंगणात नऊ गाड्या उभ्या होत्या. तिने टेबलाभोवती नजर फिरवली. मामा सकाळी सातपासून पीत होता. पेरा, शेजारी, पुतणे, डेअरीवाला, एकूण एक माणूस लालबुंद झाला होता. लायसन असलेल्या दोन बाया होत्या. एकीने मुलाच्या नावाने तीन पेले घेतले होते. दुसरी म्हणाली, "बर्फात नाही गं मी चालवत, मला तर रिव्हर्ससुद्धा येत नाही."

मग मामाला कल्पना सुचली. तो उभा राहिला.

"अरे, आपण काय डोकं लावतोय? तूच चालव की! या टेबलावर शुद्धीत एकटी तूच आहेस. आणि हा रस्ता तुझ्याइतका कोणाला ठाऊक आहे? मी बसतो शेजारी, धीर द्यायला."

"हो की," कोणी तरी म्हणालं. "ड्रायव्हर घरातच आहे!"

माणसांना खरंच सुटल्यासारखं वाटलं. दोघांनी आपापल्या किल्ल्या पुढे केल्या. नेवेनाने त्या किल्ल्यांकडे पाहिलं.

"मामा," ती सावकाश म्हणाली, "मला तुम्ही दोन दिसताय. एकालाच सहन करणं जड जातं."

कोणी हसलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात दोन बावन्न झाले होते. तीन दहाला खालच्या थांब्यावरून तिचीच बस जाते. ती रजेवर गेल्यापासून ती ग्वोझ्देन चालवतो. तिने त्याला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"चर्चच्या वर. का, पेला भरून ठेवलायस? ड्यूटीवर घेत नाही मी. संध्याकाळी येतो, मासा ठेव."

"थांब्यावर थांबू नकोस. गाडी आमच्या फाटकापर्यंत आण."

"त्या बोळात? अगं, बस आहे ती."

"मी आणलीय एकदा. आरसे मिट आणि डावीकडचं कुंपण धरून ये. ग्वोझ्देन, डोळ्यांपुढे ठिणग्या येतायत मला."

"सहा मिनिटं," तो म्हणाला.

ती कोट घालत होती तेव्हा मिलुंका दारात आडवी उभी राहिली.

"पोळी कापायची राहिलीय! पाद्री येतोय. घरचं कोणी नसेल तर तो कोणासोबत कापणार?"

"तुमच्यासोबत."

"सगळं गाव काय म्हणेल? डोकं दुखलं म्हणून संताला टेबलावर टाकून गेली?"

नेवेनाने कोटाचं शेवटचं बटण लावलं. पोटावर ते लागत नव्हतं, तिने ते सोडून दिलं.

"सात वर्षांपूर्वी तुम्ही बटाटे बांधलेत आणि मी बांधू दिले."

"म्हणजे मी मारलं तुझं मूल? असं म्हणतेस?"

"नाही. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. यंदा मी तुम्हाला सांगितलंय. सावेताबाईंनी जसं सांगितलं तसं, शब्दन्‌शब्द. पाच वेळा सांगितलंय. आता माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. बाजूला व्हा, आई."

मिलुंका बाजूला झाली. ती पटल्यामुळे झाली की बोळातून येणाऱ्या बसचा आवाज ऐकून, हे नेवेनाला कळलं नाही आणि तेव्हा त्याची पर्वाही नव्हती.

बसमध्ये नऊ माणसं होती. ग्वोझ्देनने तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि मागे वळून सांगितलं, "गाडी तालुक्याला थांबणार नाही. सरळ जिल्ह्याला. ज्याला उतरायचंय त्याने आत्ता उतरा."

"आणि माझं काय?" लोकरी टोपीवाला एक जण मांडीवरचा केक सावरत उठला. "माझं तिकीट तालुक्याचं आहे! मला पाहुणा म्हणून जायचंय, लोक थांबलेत."

"मग तुम्हाला वरचे एकवीस किलोमीटर फुकट."

"तक्रार करीन मी. नाव काय तुझं?"

"ग्वोझ्देन पेत्रोनियेविच. लिहून घ्या, लांब आहे."

"अहो, तोंड मिटा," मागून एक म्हातारी म्हणाली. "बाई मरतेय इथे आणि याला केकची पडलीय."

"मरत नाहीये," नेवेना म्हणाली. "तसं कोणी म्हणू नका."

म्हातारी येऊन तिच्या शेजारी बसली आणि तिचा हात धरला. वळणावर नेवेनाला मळमळलं, तिने समोरची काच खाली केली. गार हवा आत आली, तशी तीन बाकांवरून एकदम आवाज उठला. खिडकी लावा, तिला झोत लागेल, या अवस्थेत, देवा!

"उघडी राहू दे!" नेवेना ओरडली. दिवसभरात ती पहिल्यांदा ओरडली होती. "ज्याला गार वाटतंय त्याने टोपी घाला!"

कोणी खिडकीला हात लावला नाही. पुढचा सगळा रस्ता तिने डोळे मिटून ऐकला. एकदा म्हणाली, "पुलाच्या आधी तिसऱ्या गिअरवर घे," आणि ग्वोझ्देन म्हणाला, "घेतलाय, बाई, घेतलाय." बावन्न किलोमीटर त्याने एकोणसाठ मिनिटांत काढले, आणि बर्फ पडलेला असताना ती बस त्याहून वेगात चालवणं हा मूर्खपणा झाला असता, असं नेवेनाचं आजही मत आहे.

रुग्णालयात वरचा आकडा एकशे शहाऐंशी होता. शिरेतून मॅग्नेशियम सुरू केलं, अंगभर चटका पसरला. रक्ताचे रिपोर्ट आले. प्लेटलेट घसरल्या होत्या, यकृताचे आकडे चढले होते. डॉ. सावेता कोणाच्या तरी घरच्या जेवणावरून उठून आल्या होत्या.

"किती वेळ उभ्या होता?"

"पहाटे पाचपासून."

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "उभं राहिल्यामुळे हे झालेलं नाही. हे होणारच होतं, आज नाही तर चार दिवसांनी. पण उभ्या होता म्हणून इकडे यायला उशीर झाला. यावर एकच उपाय आहे, वार बाहेर काढणं. म्हणजे मूल बाहेर काढणं. मुलासाठी लवकर आहे, पण थांबलो तर तुम्हाला आकडी येईल."

"मूल?"

"इंजेक्शनं वेळेत झालीयत. मला आशा आहे. खात्री देत नाही."

खात्री देत नाही, एवढं तरी सरळ कोणी तरी बोललं, असं नेवेनाला वाटलं. तिने सही केली.

मुलगी सहा चाळीसला झाली. एक किलो पाचशे चाळीस ग्रॅम. तिचा आवाज नेवेनाने एकदा ऐकला, मग तिला श्वासाची नळी लावली. इतक्या लहान मुलांची सोय तिथे नव्हती, म्हणून त्याच रात्री मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेलं, चौऱ्याहत्तर किलोमीटर लांब. नेवेनाने तिला पाहिलं ते दुसऱ्या दिवशी नर्सच्या फोनवर. टोपी, नळी आणि एका हाताची तीन बोटं, एवढंच दिसलं.

दुपारी मिलुंकाचा फोन आला. पोळी तिनेच पाद्रीसोबत कापली होती. गावात बसचीच चर्चा होती. फाटकाचा खांब वाकला होता.

"मुलगी झाली म्हणे," मिलुंका म्हणाली. "असू दे. धडधाकट असो म्हणजे झालं. पुढच्या वेळी—"

"पुढची वेळ नाही," नेवेना म्हणाली. "आणि ती नळीवर आहे. तिच्याबद्दल विचारायचं असेल तर विचारा."

मग मिलुंकाने विचारलं, "नळी कुठे घालतात?" नेवेनाने सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, "दुखतं का तिला?" तेही नेवेनाने सांगितलं, जेवढं तिला माहीत होतं तेवढं.

वुकाशिन संध्याकाळी आला. आधी घरी जाऊन आला होता. शर्टाला मेणबत्तीचा आणि माशांचा वास होता. पलंगाच्या कडेशी उभा राहून त्याने तिच्या हातातल्या सुया पाहिल्या.

"इतकं होतं तर तू मला सांगायला हवं होतंस."

"गुरुवारी सांगितलं. रविवारी सांगितलं. काल सकाळी सहाला सांगितलं. तू म्हणालास, जरा सांभाळ."

"मला वाटलं नव्हतं—"

"तुला वाटायची गरज नव्हती. मी सांगत होते."

तो खुर्चीत बसला आणि हातांनी तोंड झाकलं. नेवेनाला त्याची दया आली नाही. रडू दे, असं तिला वाटलं, पण आत्ता नको, आत्ता वेळ नाही. नर्सने तिला सकाळीच दूध काढायला शिकवलं होतं. तीन वेळा मिळून तळाला जेमतेम पंधरा मिलिलिटर. मोठ्या रुग्णालयातून निरोप होता, जेवढं असेल तेवढं पाठवा, तिला हेच हवंय, दुसरं काही नको.

"दूध रोज तिथे न्यायचंय," ती म्हणाली. "सकाळी आणि संध्याकाळी. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर एका वेळचे."

"सोमवारी मला माल उचलायचाय. लुब्लियानाहून."

ती काही बोलली नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं, आणि डेपोतल्या लोकांना जे ठाऊक आहे ते बारा वर्षांच्या संसारात त्यालाही ठाऊक झालं होतं. त्याने खिशातून फोन काढला, खिडकीपाशी गेला आणि मालकाशी मोडक्या स्लोव्हेनियनमध्ये बोलला. बोलणं सहा-सात मिनिटं चाललं. दोनदा त्याचा आवाज चढला. परत आला तेव्हा मानेपर्यंत लाल झाला होता.

"जानेवारीच्या शेवटापर्यंत," तो म्हणाला. "मग बघू. कदाचित काढतील."

"काढू देत."

नर्सने बाटली थंड पिशवीत ठेवून दिली. नेवेनाने त्याला पिशवी कशी धरायची ते दाखवलं, आडवी नाही, उभी, सीटच्या पायाशी, हीटरच्या झोतात नाही. बोगद्यानंतरच्या उतारावर संध्याकाळी डोळ्याला न दिसणारा काळा बर्फ असतो, तिथे ब्रेकला पाय लावू नकोस, गिअरने उतर. पेट्रोल आत्ताच भर, मधे कुठे थांबू नकोस. गेटवर विचारतील, तेव्हा नाव माझं सांग, मुलीला अजून नाव नाही.

"ठेवू या का?" त्याने दारातून विचारलं. "बाबांच्या आईचं नाव—"

"आधी पोच."

तो गेला. जिन्यावरचे त्याचे बूट ऐकू आले, मग खाली गाडीचं दार. तिचा राग गेला नव्हता. तो टाक्यांसारखाच होता, हललं की कळायचा. तिने घड्याळ पाहिलं. या रस्त्याला, या हवेत, एक तास वीस मिनिटं.

एक तास सव्वीस मिनिटांनी फोन वाजला.

"घेतलं त्यांनी," वुकाशिन म्हणाला. "नळीतून देतायत. काचेतून दिसतंय मला. नेवेना, ती पाय झाडतेय."

"किती दिलं?"

"काय?"

"दूध. किती मिलिलिटर दिलं? विचार त्यांना. मी थांबते."